वहीतला ‘ग’

(शिरोली परिसरातल्या फाउंड्री आणि मशीनशॉप चालवणाऱ्या लघुउद्योजकांसमोर दिलेलं व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन व संपादन.)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘पुरवठादारांची गुणवत्ता तपासणी, ऑडिट आणि सॉफ्टवेअरमधल्या सुधारणा’. पाच सुधारणा सांगायचं मी कबूल केलंय आणि त्या सांगणार आहे. पण आधी एक विचारतो. एकाच पार्टचं एकच माप तुमच्याकडं किती ठिकाणी लिहिलं जातं? आपलं रजिस्टर, मग एक्सेल, मग कस्टमरचं पोर्टल, आणि टेंपोबरोबर जाणारी हार्डकॉपी. चारही करणाऱ्यांनी हात वर करा. बघा, मागच्या रांगेतल्या काकांनी दोन्ही हात वर केलेत.

आणि ऑडिटच्या आदल्या रात्री आपल्या शॉपमध्ये सगळ्यात जास्त कुठलं मशीन चालतं? धातू कापणारी व्हीएमसी नव्हे, झेरॉक्स! हसलात, म्हणजे मला जास्त समजावून सांगायला नको.

मी २६ वर्षं या धंद्यात आहे. सुरुवात स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे मापाची साधनं तपासतात त्या खोलीत, झाली, मग एका मोठ्या कस्टमरकडं सप्लायर क्वालिटी बघितली. म्हणजे तुमच्या गेटवर ज्याची गाडी आली की आत धावपळ सुरू व्हायची, तो माणूस मी होतो. त्या काळातली एक गोष्ट सांगतो. जरा लांबेल, पण बाकीचं सगळं तिच्यातच आहे.

पार्ट साधा होता. बेअरिंग हाउसिंग, एफजी २६०चं, म्हणजे बिडाच्या एका ग्रेडचं, कास्टिंग, त्यात ४० मिलिमीटरचा एच ७ बोअर, ठरलेल्या मर्यादेत बसायला हवं असं गोल भोक. म्हणजे ४०.००० ते ४०.०२५, २५ मायक्रॉनचा खेळ; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पुरवठादार छोटा, दोन व्हीएमसी, एक शेड, आणि तपासणीला एक ताई. सलग दोन लॉट आमच्याकडून परत गेले. आमच्या सीएमएमवर, म्हणजे संगणकानं माप घेणाऱ्या मशीनवर, बोअर ३९.९९७ येत होता. अंडरसाइज. आणि पीडीआय, म्हणजे माल पाठवण्याआधीच्या तपासणीचा, रिपोर्ट बघावा तर पाचच्या पाच रीडिंग ओके.

आता अशा वेळी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याची चिठ्ठी, गेली. ८डी, म्हणजे बिघाडाचं कारण आणि उपाय सांगणारा अहवाल, मागितला. ८डी आला. मूळ कारण, ‘इन्स्पेक्टरचे दुर्लक्ष’. उपाय, ‘इन्स्पेक्टरला प्रशिक्षण दिले’. पुरावा म्हणून ताईंची सही असलेला हजेरीचा कागद स्कॅन करून जोडलेला. पोर्टलवर माझ्यासमोर हिरवं बटण होतं, ‘क्लोज’. मी ते दाबलं. कारण त्या दिवशी माझ्या यादीत आणखी चौदा एनसी, म्हणजे नोंदवलेल्या त्रुटी, उघड्या होत्या आणि महिनाअखेरीला किती बंद केल्या ते माझ्या साहेबांना दाखवायचं होतं. ते बटण दाबल्याची खंत मला आजही आहे.

तिसऱ्या महिन्यात लॉट पुन्हा फिरला. मालक फोनवर म्हणाले, “साहेब, त्या बाईलाच काढतो. विषय संपला.” तेव्हा कुठं मी गाडीला किल्ली मारली. सेकंड शिफ्टला पोचलो, स्टूल घेतलं आणि ताईंच्या टेबलाशेजारी बसलो. ऑडिटची चेकलिस्ट पिशवीतून बाहेर काढलीच नाही.

ताई काय करत होत्या? सेटिंग रिंगवर, म्हणजे अचूक मापाच्या कड्यावर, बोअर गेज शून्य करायच्या, पीस उचलायच्या, गेज आत घालून डुलवायच्या, काटा उलटतो तिथं वाचायच्या. बोअर लंबगोल तर नाही ना म्हणून काटकोनात फिरवून परत वाचायच्या. दर तासाला परत रिंगवर शून्य. स्टँडर्ड रूममध्ये आम्हाला शिकवलं होतं तसं, अगदी तसंच. आणि प्रत्येक पीसचं रीडिंग एका दोनशेपानी वहीत. पाच नव्हे, प्रत्येक पीसचं. पट्टीनं आखलेले रकाने: वेळ, पीस नंबर, रीडिंग. आणि काही रीडिंगपुढं एक बारीक अक्षर. ‘ग’.

मी विचारलं, “ताई, हा ‘ग’ कसला?”

“गरम हाय त्यो पीस. मशीनवरनं उतरला की टेंपोवाला घाई करतोय, थंड व्हायला येळ कुठाय? हाताला गरम लागला की मी ‘ग’ लिवते.”

“मग हे पोर्टलवर का नाही टाकत?”

“साहेब, त्यात ‘ग’ लिवायला जागाच न्हाई.”

मंडळी, मी गप्प झालो. हिशेब तुम्ही करून बघा. कास्ट आयर्न एका मीटरला एका अंशाला साधारण ११ मायक्रॉन वाढतं. पीस रिंगपेक्षा १५ अंशांनी गरम असेल तर ४० मिलिमीटरचा बोअर साडेसहा मायक्रॉननं मोठा दिसतो. इन्सर्ट, म्हणजे मशीनमधलं कापणारं पातं, झिजत आला की बोअर लहान होत जातो. शिफ्ट संपायच्या सुमाराला ताईंना ४०.००४ दिसायचा, म्हणजे ड्रॉइंगप्रमाणे ओके. तोच पीस आमच्या २० अंशांच्या एसी खोलीत पोचला की ३९.९९७. ताई खरं वाचत होत्या, आमचा सीएमएमही खरं सांगत होता. मधली साडेसहा मायक्रॉनची गोष्ट फक्त त्या वहीत होती. तीन महिन्यांचे डेबिट, तीन ८डी, एका बाईची नोकरी जायची वेळ, आणि उत्तर एका अक्षरात लिहून ठेवलेलं होतं!

उपाय किती लागला? एक रॅक. पीस तासभर रॅकवर ठेवायचा, मग मोजायचा. आणि इन्सर्ट थोडा आधी बदलायचा. त्या बोअरचं रिजेक्शन थांबलं.

त्या रात्री परत येताना कागल ओलांडेपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. आम्ही लाखो रुपये खर्चून पोर्टल उभं केलं. त्यात डॅशबोर्ड, लाल-पिवळे-हिरवे दिवे, पीपीएमचे, म्हणजे दहा लाखांत किती पीस खराब त्याचे, आलेख. पण ते सगळं बघणाऱ्यासाठी केलेलं. गेज हातात धरणाऱ्यासाठी त्यात पाच चौकोन होते आणि एकही चौकोन लाल झाला तर डिस्पॅचची पावती निघत नव्हती. मग माणूस काय करणार? पाच हिरवे पीस शोधणार. खोटं लिहायला त्या पोर्टलनंच भाग पाडलं होतं. हे मी तेव्हा म्हणालो, आजही म्हणतो आणि मरेपर्यंत म्हणणार.

हा प्रश्न फक्त आपल्या धंद्याचा नाही. कराचीत ११ सप्टेंबर २०१२ ला अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. अडीचशेहून जास्त माणसं गेली. दारं बंद, खिडक्यांना गज. आणि अवघे काही आठवडे आधी त्या कारखान्याला एसए ८००० हे कामगारांच्या सुरक्षिततेचं आणि हक्कांचं प्रमाणपत्र मिळालं होतं. ऑडिट झालं होतं, मंडळी. कागद पूर्ण होते. पुढच्या वर्षी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, २४ एप्रिल २०१३, ११०० हून जास्त मृत्यू. तिथल्या कारखान्यांचीही ऑडिट झालेली होती. आपण बोअरचे मायक्रॉन मोजतो म्हणून आपलं वेगळं, असं समजू नका. ‘आपत्कालीन दार आहे का? होय / नाही’ हा प्रश्न आणि आपले पाच चौकोन एकाच कारखान्यात तयार झालेत.

राणा प्लाझानंतर मात्र एक चांगली गोष्ट घडली. बांगलादेशात अकॉर्ड नावाचा करार झाला, ब्रँडना कायद्यानं बांधणारा. सुमारे १,६०० कारखान्यांची तपासणी त्याखाली आली. आणि तपासणीचे अहवाल, कुठली दुरुस्ती झाली, कुठली राहिली, हे सगळं इंटरनेटवर कुणालाही बघता येईल असं ठेवलं. कामगारालासुद्धा. अहवाल कुलपात नव्हता. मला वाटतं, त्या एका गोष्टीनं जेवढं काम केलं तेवढं...

(संयोजकांनी चिठ्ठी दिली.) दहा मिनिटं? बरं. म्हणजे एका सुधारणेला दोन मिनिटं. चला, भरभर घेतो.

पहिली. नोंद जिथं माप घेतलं तिथंच व्हावी, गेजमधून थेट. केबल किंवा ब्लूटूथवाले व्हर्निअर, डायल, बोअर गेज आता आपल्या बाजारातही मिळतात. कुठला गेज, त्याचं कॅलिब्रेशन कधीपर्यंतचं, कोणी मोजलं, किती वाजता, हे सॉफ्टवेअरनं स्वतः लावून घ्यावं. शेडमध्ये नेट नसतं, तेव्हा नेट नसतानाही चाललं पाहिजे. आणि प्रत्येक रीडिंगपुढं शेरा लिहायला जागा हवी. मराठीत, बोलूनही टाकता यावा. चूक दुरुस्त करायची तर जुना आकडा पुसला जाऊ नये, तो तिथंच दिसत राहावा आणि कारण लिहावं लागावं. जपानमध्ये कोबे स्टीलसारख्या मोठ्या कंपनीला २०१७ मध्ये कबूल करावं लागलं की तपासणीचे आकडे बदलून माल पाठवला होता. तेव्हा हा रोग छोट्यांचाच आहे असं कोणी म्हणू नये.

दुसरी. लाल चौकोनानं डिस्पॅच आपोआप अडवू नका. लाल आलं की कस्टमरच्या इंजिनिअरला निरोप जावा आणि त्यानं ठरलेल्या वेळेत उत्तर द्यावं: सेग्रिगेशन (खराब माल निवडून बाजूला), डेव्हिएशन (फरकासह मान्य) की थांबवा. खरं सांगणाऱ्याला शिक्षा होत असेल तर खरं कोण सांगेल?

तिसरी, सॅम्पलिंग. ५०० चा लॉट, आयएस २५०० या सॅम्पल तपासणीच्या भारतीय मानकाप्रमाणे नेहमीच्या पातळीला, लेव्हल दोनला, ५० पीस, एक्यूएल, म्हणजे चालवून घ्यायच्या खराबीची मर्यादा, १ टक्का धरला तर एक खराब निघाला तरी लॉट पास, दोन निघाले तर फेल. ठीक. पण लॉटमध्ये खरोखर २ टक्के माल खराब असेल तर तो या चाळणीतून किती वेळा निसटतो? १०० पैकी साधारण ७३ वेळा. हे ऐकून बऱ्याच जणांचे चेहरे बदलले. म्हणून त्या मानकातच लिहिलंय की लागोपाठच्या पाच किंवा त्याहून कमी लॉटमध्ये दोन फेल झाले की तपासणी कडक करायची, आणि कडक असताना सलग पाच पास झाले की पुन्हा नेहमीची. हे हातानं कोणी पाळत नाही, मीही कधी कुणाकडं पाळलेलं बघितलं नाही. संगणकाला हे पाळायला एक क्षण लागतो. चांगल्या पुरवठादाराची तपासणी आपोआप कमी व्हावी, अडचणीत असलेल्याची वाढावी.

चौथी, क्लोजर. ‘प्रशिक्षण दिले’ एवढ्यावर ८डी बंद होऊच नये. बंद करायचं बटण पुढच्या तीन लॉटची खरी रीडिंग आल्यावरच उघडावं. आणि सॉफ्टवेअरनं एक प्रश्न आधी विचारावा: माणूस, मशीन, मटेरियल, पद्धत, यात काय बदललं? ४एम चेंजचा, म्हणजे याच चार गोष्टींतल्या बदलाचा, फॉर्म वेगळ्या फोल्डरमध्ये, ८डी वेगळ्या, त्यामुळं बदल आणि बिघाड एकमेकांना भेटतच नाहीत. हीट नंबर, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक, तिथपासून मशीनिंगच्या शिफ्टपर्यंतचा धागा एका ठिकाणी दिसला तर निम्मे वाद टेबलावरच मिटतील. सिस्टीमचं प्रमाणपत्र, वाहनउद्योगाचं आयएटीएफ १६९४९, हे आवश्यक आहे, पण त्याच्या मुदतीची तारीख सांभाळणं म्हणजे गुणवत्ता सांभाळणं नव्हे.

पाचवी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. आकडे पुरवठादाराचेही आहेत. आज तुम्ही पोर्टलवर वर्षभर रीडिंग भरता, आणि कस्टमर तुटला की लॉगिन बंद. तुमच्याच मशीनचा इतिहास तुमच्या हाती नाही! एकदा नोंदवलेलं माप सगळ्या कस्टमरना त्यांच्या त्यांच्या स्वरूपात जावं, मूळ तुमच्याकडं राहावं. त्यासाठी मापांच्या देवाणघेवाणीचं मानक आहे, क्यूआयएफ, आयएसओ २३९५२, २०२० चं. सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: “माझा डेटा मला पूर्ण बाहेर काढता येईल का?” त्यानं डेमोचा पुढचा पडदा दाखवायला घेतला तर त्याला चहा द्या आणि निरोप द्या. झेड या केंद्र सरकारच्या गुणवत्ता प्रमाणपत्र योजनेत सूक्ष्म उद्योगांना प्रमाणपत्राच्या खर्चात ८० टक्के सवलत आहे, तीही घ्या. पण एकट्यानं सगळं विकत घेऊ नका. या वसाहतीतले दहा जण एकत्र बसून एक फॉर्म ठरवू शकलात तर कस्टमरला तो नाकारणं जड जाईल.

एआयबद्दल विचारणारी चिठ्ठी आलीय. एका वाक्यात सांगतो: फार सुबक, एकसारखे आकडे ओळखायला त्याचा उपयोग होईल, पण ते ओळखल्यावर पहिला फोन इन्स्पेक्टरला दमात घ्यायला नव्हे, ‘तुमच्याकडं काय अडचण आहे’ हे विचारायला जावा.

वेळ संपली. ताई अजून त्याच शेडमध्ये आहेत, आता त्यांच्या हाताखाली दोन मुली शिकतायत. गेल्या वर्षी त्यांच्यासाठी आम्ही टॅबवर छोटा फॉर्म बसवला. त्यात काय काय असावं ते त्यांनीच सांगितलं. रीडिंगशेजारी एक मोठं बटण आहे आणि त्यावर ‘ग’ लिहिलंय. ते दाबलं की एक तासानं त्याच पीसची आठवण येते. तो टॅब मी आज बरोबर आणलाय, चहाच्या टेबलावर ठेवतो. हात लावून बघा, आणि तुमच्या शॉपमध्ये कुठलं अक्षर लागेल ते मला सांगा.