दवाखान्यात न आलेला रुग्ण

नमस्कार श्रोतेहो.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आपल्या देशातली आरोग्यसेवा कशी बदलते आहे, हा आजचा विषय. पण सुरुवात मी माझ्या आत्यापासून करणार आहे. आत्याला शुगर होती. गोळ्या कधी चुकवल्या नाहीत, चहा बिनसाखरेचा, दर महिन्याला नेमानं दवाखान्यात जायची. एक दिवस जेवताना तिला ताटात काळा धागा दिसला. बोटानं बाजूला करायला गेली, तर धागा हलला पण जाईना. दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं तेव्हा ताट स्वच्छ होतं. धागा डोळ्यातच होता, रक्ताचा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पोहोचली तोवर डाव्या डोळ्याच्या पडद्याचं बरंच नुकसान झालं होतं. इतकी वर्षं ती महिन्याच्या महिन्याला दवाखान्यात जात होती, पण तिचे डोळे कोणी पाहिले नव्हते. डोळे दुखत नव्हते, त्यामुळे तिनंही कधी विषय काढला नाही.

मधुमेहानं डोळ्याचा पडदा खराब होताना फार काळ काहीच जाणवत नाही. आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मोठ्या पाहणीचे जे निष्कर्ष 2023 साली आले, त्यांनुसार आपल्या देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. या प्रत्येकाच्या डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा तरी पाहायला हवा. म्हणजे वर्षाला वीस कोटी डोळे! आहेत तेवढ्या नेत्रतज्ज्ञांना बाकीची सगळी कामं सांभाळून हे करणं कठीण, आणि त्यातले बहुतेक शहरांत आहेत.

इथे यंत्राची खरी मदत होते. 2016 साली गूगलच्या संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. डोळ्याच्या पडद्याचे सुमारे 1 लाख 28 हजार फोटो त्यांनी संगणकाला दाखवले होते. त्यांतले बरेच आपल्याकडचे, मदुराईचं अरविंद, चेन्नईचं शंकर नेत्रालय आणि बंगळूरूचं नारायण नेत्रालय इथले. 54 डॉक्टरांनी ते फोटो तपासून प्रत्येकाची प्रतवारी केली होती. रक्ताचा ठिपका कसा दिसतो, सूज कशी ओळखायची, हे संगणकाला कोणी शिकवलं नाही. फोटो आणि त्याचं उत्तर, फोटो आणि त्याचं उत्तर, असं लाखभर वेळा पाहून त्यानं खुणा स्वतः शोधल्या. आणि त्याची अचूकता तज्ज्ञांच्या तोडीची निघाली.

मग तेच यंत्र थायलंडमधल्या सरकारी दवाखान्यांत नेलं. 2020 साली तिथला अनुभव प्रसिद्ध झाला आणि मला तो पहिल्या निबंधाइतकाच मोलाचा वाटतो. तिथल्या नर्सेसनी काढलेल्या फोटोंपैकी जवळपास पाचवा हिस्सा यंत्रानं परत केला, कारण फोटो पुरेसे स्वच्छ नव्हते. कुठे खोलीत अंधार करायची सोय नव्हती, कुठे इंटरनेट रखडत होतं आणि बाहेर रांग वाढत होती. ज्यांचा फोटो नापास झाला त्यांना मोठ्या दवाखान्यात जायला सांगायचं, असा नियम होता. ज्याच्या डोळ्यात काही बिघाड नाही अशा माणसानंही मग एक दिवसाची मजुरी बुडवून लांब जायचं. प्रयोगशाळेत यंत्र फारसं चुकत नव्हतं, दवाखान्यातही अस्पष्ट फोटो परत करताना ते ठरल्याप्रमाणेच वागलं. फक्त त्याच्याभोवतीचा दवाखाना कसा असतो, हे आधी कोणी जाऊन पाहिलं नव्हतं.

आता क्षयरोगाकडे येऊ. जगातल्या क्षयरुग्णांपैकी चौथा हिस्सा भारतात आहे. आपण 2019 ते 2021 या काळात देशभर घरोघरी जाऊन एक पाहणी केली. त्या पाहणीतल्या दोन गोष्टी माझ्या मनातून जात नाहीत. पहिली अशी, की ज्यांना लक्षणं होती, म्हणजे आठवडे न् आठवडे खोकला, संध्याकाळची कणकण, वजन उतरणं, त्यांच्यातले जवळजवळ दोन तृतीयांश लोक कुठेच दाखवायला गेलेले नव्हते. दुसरी, की पाहणीत सापडलेल्या क्षयरुग्णांपैकी 40 टक्क्यांहून अधिक केवळ छातीच्या एक्स-रेमुळे सापडले. फक्त ‘खोकला आहे का’ एवढंच विचारलं असतं, तर ते निसटले असते.

म्हणजे रुग्ण दवाखान्यात येईल आणि मग आपण तपासू, ही पद्धत इथे अपुरी पडते. एक्स-रेलाच वस्तीत जावं लागतं. आता हातात धरता येईल असं एक्स-रे यंत्र निघालं आहे. बॅटरीवर चालतं, जीपमधून नेता येतं. अडचण फिल्म वाचण्याची होती, कारण पाड्यावर रेडिओलॉजिस्ट कुठून आणणार? ते काम आता संगणक करतो. आपल्या मुंबईतच 2016 साली सुरू झालेल्या क्यूर डॉट एआय या कंपनीनं असं सॉफ्टवेअर बनवलं, ते आज अनेक देशांत वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च 2021 मध्ये 15 वर्षांवरच्या लोकांच्या तपासणीसाठी अशा सॉफ्टवेअरला मान्यता दिली. डिसेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारनं शंभर दिवसांची जी क्षयरोग मोहीम काढली, तीत ही हातातली यंत्रं गावोगाव फिरली.

आता जरा आकडेमोड करू या, कारण यंत्राचा मोठेपणा आणि मर्यादा दोन्ही तिथे कळतात. सॉफ्टवेअर ‘टीबी आहे’ किंवा ‘नाही’ असं म्हणत नाही. ते एक गुण देतं. किती गुणांच्या वर गेलं की माणसाला पुढच्या तपासणीला पाठवायचं, ती रेघ आपण आखायची असते. अशा चाळणी तपासणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा अशी, की शंभर क्षयरुग्णांपैकी 90 तरी सापडावेत आणि शंभर निरोगी लोकांपैकी 70 तरी घरी जावेत. आपल्या त्या पाहणीप्रमाणे हजार प्रौढ माणसांत साधारण तीन जणांना फुफ्फुसाचा क्षय असतो. मग हजार एक्स-रे काढले तर ते तिघं बहुतेक सापडतील, पण त्यांच्याबरोबर जवळजवळ तीनशे निरोगी माणसांचीही थुंकी तपासावी लागेल. तपासायला यंत्र हवं, त्यात घालायची चिप हवी, नमुना पोहोचवणारा माणूस हवा. खर्च परवडत नाही म्हणून रेघ वर सरकवली, तर तिघांतला एखादा हातातून जातो. तो कोण, हे आपल्याला कधीच कळत नाही. रेघ कुठे आखायची हा निर्णय पैशाचा आणि माणुसकीचा आहे. तो आरोग्य खात्यानं उघडपणे घ्यावा आणि लोकांना सांगावा, असं मला फार वाटतं. आज ती रेघ कुठे आहे, हे एक्स-रे काढून घेणाऱ्याला कोणी सांगत नाही.

आतापर्यंत जे सांगितलं ते सगळं चित्रं पाहण्याबद्दल होतं. मला सगळ्यात भावलेला उपयोग मात्र चित्राशी संबंधित नाही. तो साध्या फोनचा आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांनी 2008 साली मुंबईत ‘अरमान’ ही संस्था सुरू केली. तिच्या ‘एममित्र’ या उपक्रमात गरोदर बायकांना आणि बाळंतिणींना ठरलेल्या वेळी फोन येतो, आणि त्यांच्याच भाषेतला आवाज त्या आठवड्याची माहिती देतो: लोहाच्या गोळ्या, लसीची तारीख, पायांवर सूज आली तर काय करायचं. अडचण अशी होती, की बऱ्याच जणी काही आठवड्यांनी फोन ऐकणं सोडून देत. फोन नवऱ्याकडे असतो, वेळ जमत नाही, माहेरी जाते, कारणं शंभर. संस्थेची माणसं स्वतः फोन करून समजावत, पण माणसं मूठभर आणि बायका हजारो. मग फोन करायचा कोणाला?

याचं उत्तर शोधायला गूगलचे संशोधक आणि मद्रास आयआयटीतले जाणकार त्यांच्याबरोबर आले. 23 हजार बायकांवर त्यांनी सात आठवडे प्रयोग केला. जी आज ऐकत नाही तिला फोन लावणं सोपं आहे. पण यंत्राला त्यांनी वेगळं विचारलं होतं: कोणाला फोन केला तर सगळ्यात जास्त फरक पडेल? जी आपणहून परत ऐकू लागेल तिला सोडा, आणि जिच्यासाठी तो एक फोन निर्णायक आहे तिचं नाव द्या. नावं यंत्रानं दिली, बोलली माणसंच. ऐकणं सोडण्याचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी घटलं. फोनवर पलीकडे कोणी ताई ‘बाळ हलतंय ना ग?’ असं विचारते, तो आवाज यंत्रानं काढून घेतला नाही. तो कुठे पोहोचायला हवा एवढंच सांगितलं.

पण मला काळजी वाटते ती दुसऱ्याच एका गोष्टीची. यंत्र शिकतं ते नोंदींवरून, आणि आपल्याकडे ज्याची नोंद होते तो कोण? जो दवाखान्यात जाऊ शकतो तो. अमेरिकेत 2019 साली एक गोष्ट उघडकीस आली. जास्त देखभाल कोणाला लागेल हे ठरवणारं सॉफ्टवेअर माणसाच्या उपचारांवर किती खर्च झाला हे पाहून त्याच्या आजाराचा अंदाज बांधत होतं. काळ्या लोकांवर खर्चच कमी होत आला होता, म्हणून सॉफ्टवेअरनं त्यांना कमी आजारी धरलं. कोणाच्या मनात पाप नव्हतं, मोजायची वस्तू चुकली होती. आता आपल्याकडे पाहा. ऊसतोडीला दरवर्षी स्थलांतर करणारी बाई आजारपण अंगावर काढते. तिचं ना बिल आहे ना रिपोर्ट. तिच्या जिल्ह्याच्या नोंदींवर पोसलेल्या यंत्राला ती ठणठणीत दिसेल.

आणि भाषेचं काय? आपल्या बायका डॉक्टरांसमोर ‘अंगावरून जातंय’ म्हणतात, ‘जीव घाबरा होतो’ म्हणतात, ‘पोटात कालवतं’, ‘चमक निघते’ म्हणतात. गावातल्या नर्सला यातला प्रत्येक शब्द कळतो, न बोललेलंही कळतं. इंग्रजीवर वाढलेल्या यंत्राला ‘जीव घाबरा होणं’ ही भीती वाटते की हृदयाची तक्रार? रात्री अकरा वाजता मोबाइलवर लक्षणं विचारणारे तरुण मी पाहते तेव्हा हा प्रश्न मला छळतो. मराठीतली, अहिराणीतली, गोंडीतली दुखणी यंत्राला शिकवायची असतील, तर ते काम आपल्याच डॉक्टरांनी, नर्सेसनी आणि आशाताईंनी करायला हवं, आणि त्या कामाचे पैसे त्यांना मिळायला हवेत.

कायद्यानं इथे एक कुंपण घातलेलं आहे, ते श्रोत्यांना ठाऊक असावं. 25 मार्च 2020 रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, सरकारनं दूरवैद्यकाचे, म्हणजे डॉक्टरांनी फोनवरून किंवा व्हिडिओवरून रुग्णाला सल्ला देण्याचे, नियम जाहीर केले. त्यांत स्पष्ट म्हटलं आहे, की कृत्रिम बुद्धिमत्तेनं रुग्णाला परस्पर सल्ला देऊ नये आणि औषध लिहून देऊ नये. डॉक्टरांना ती मदत करू शकते, निर्णय आणि सही नोंदणीकृत डॉक्टरचीच. मार्च 2023 मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं नैतिकतेची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वंही काढली. म्हणजे कोणी तुम्हाला नुसत्या यंत्राच्या सांगण्यावरून औषध देऊ लागलं, तर ‘डॉक्टर कोण आहेत?’ असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. बिनधास्त विचारा.

डॉक्टरांसाठीही एक सांगणं आहे. पोलंडमधला एक अभ्यास 2025 साली आला. आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करणारे अनुभवी डॉक्टर काही महिने यंत्राच्या मदतीनं काम करत होते. यंत्र येण्याआधी त्यांना साधारण 28 टक्के तपासण्यांत गाठी सापडत. यंत्राची सवय झाल्यावर यंत्राशिवाय केलेल्या तपासण्यांत ते प्रमाण 22 टक्क्यांवर आलं. अनुभवी डोळ्यांचं हे होत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रावर पहिल्याच नेमणुकीला आलेल्या डॉक्टरचं काय होईल? एक्स-रे आधी आपण पाहावा, आपलं मत लिहावं आणि मग यंत्राचं उत्तर उघडावं, एवढी शिस्त घातली तर बरंच निभावेल. आणि वीज गेली, इंटरनेट गेलं, तरी दवाखाना अडून राहणार नाही.

जाता जाता एक विनंती. तुमच्या घरात कोणाला शुगर असेल, तर आज त्यांची फाइल काढा. डोळ्याच्या पडद्याची तपासणी शेवटची कधी झाली, ती तारीख शोधा. सापडली नाही, तर पुढच्या वेळी गोळ्या आणायला जाल तेव्हा तिथे विचारा, की डोळ्याचा फोटो कुठे काढतात. आत्याच्या फाइलीत बारा वर्षांचे कागद होते. ती तारीख कुठेच नव्हती.

नमस्कार.