पाण्यात बुडालेली मोटार का जळते?

(दृश्य : शेतातलं बोअर. कप्पीवरून दोर ओढला जातोय, एकेक पाईप वर येतोय.)

तीनशे फुटांवरून मोटार काढायची म्हणजे अर्धा दिवस मोडला. पाईप सोडवायचा, केबलच्या पट्ट्या कापायच्या, पुढचा पाईप ओढायचा. सगळ्यांत शेवटी पंप दिसतो आणि त्याच्या बुडाशी जोडलेली सीलबंद मोटार. मिस्त्री केबलला मीटर लावतो आणि मान हलवतो. "जळाली." लगेच कुणीतरी म्हणतं, "लाईटच तशी आहे."

लाईटचा दोष आहेच, त्याकडे येऊ. पण चारी बाजूंनी पाण्यात असलेली मोटार तापून जळते, याचं आपल्याला नवल कसं वाटत नाही?

(दृश्य : रिवायंडिंगचं दुकान. उघडलेली मोटार, काळी पडलेली तार.)

पाच एचपीची मोटार पंपाला देते 3.7 किलोवॅट, आणि त्यासाठी ओढते पाचच्या आसपास. मधला सव्वा-दीड किलोवॅट मोटारीतच उष्णता होऊन राहतो. अंघोळीचं पाणी तापवायचा रॉड साधारण एवढ्याच ताकदीचा असतो. असा एक रॉड मोटारीच्या पोटात अखंड चालू आहे असं धरा. जमिनीवरच्या मोटारीला मागे पंखा असतो, अंगावर कंगोरे असतात. साडेसहा इंची बोअरमध्ये दोन्हींना जागा नाही.

म्हणून आपल्याकडच्या बहुतेक बोअर मोटारी आतूनच पाण्याने भरतात. वायंडिंगच्या, म्हणजे आतल्या गुंडाळीच्या, तांब्याच्या तारेवर प्लॅस्टिकचं वेष्टन असतं, त्यामुळे तार भिजली तरी चालते. आतलं पाणी तारेची उष्णता बाहेरच्या नळकांड्यापर्यंत पोहोचवतं आणि बुशांना, म्हणजे दांडा ज्यांत फिरतो त्या कड्यांना, वंगणही तेच. तापून ते फुगलं, तर तळाचा रबरी पडदा तेवढी जागा देतो. हे पाणी मोटार सोडण्याआधी भरायचं असतं. स्वच्छ पाणी, मोटार हलवून हवा काढायची, थोडं थांबून पुन्हा काठोकाठ भरायचं. घाईत हेच राहून जातं. मग वरच्या टोकाला हवा अडकते. पाण्याच्या तुलनेत हवेतून उष्णता वीसपटीहून कमी वाहते, आणि वरचा बुश कोरडा फिरतो तो वेगळाच.

वेष्टनाचं प्लॅस्टिक फार उष्णता सोसत नाही. पीव्हीसी सत्तर अंशांच्या आसपास हार मानायला लागतं. म्हणजे आतली उष्णता नळकांड्यापर्यंत आणून भागत नाही, ती तिथून कुणीतरी उचलून न्यायला हवी. हे काम उपसलं जाणारं पाणीच करतं.

(दृश्य : आकृती. खाली मोटार, मध्ये जाळी, वर पंप.)

मोटार खाली, पंप वर आणि मधल्या जाळीतून पाणी आत. ही मांडणी तेलविहिरींतून आली. तिफ्लिसमध्ये (आजचं जॉर्जियातलं तिबिलिसी) जन्मलेले आर्मेस आरुत्युनॉफ अमेरिकेत गेले आणि 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी असे पंप तेलविहिरींत उतरवले. ओक्लाहोमातल्या त्यांच्या कंपनीचं नाव रेडा. मोटार खाली असली की जाळीकडे निघालेलं पाणी किंवा तेल तिच्या अंगावरून जातं. वेगळा पंखा लागत नाही.

आणि हे किती सोपं काम आहे बघा. सेकंदाला एक लिटर पाणी मोटारीला घासून गेलं, तर तिची सगळी उष्णता घेऊनही ते जेमतेम 0.3 अंश तापतं. अट एकच, ते घासून गेलं पाहिजे. सहा इंची मोटारीच्या अंगावरून सेकंदाला साधारण 15 सेंटीमीटर वेगाने पाणी वाहावं, असा ठोकताळा आहे. साडेसहा इंची बोअरमध्ये फट इतकी अरुंद असते की एका लिटरला एवढा वेग सहज मिळतो. हीच मोटार वीस फूट रुंदीच्या विहिरीत उभी सोडा. अंगाजवळचं पाणी जवळपास जागचं हलत नाही.

(दृश्य : रस्त्याकडेला उघडा पडलेला काळा कातळ, थरांमधली लाल माती.)

आता आपल्या जमिनीकडे येऊ. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टवर उभा आहे, लाव्हाचे थरावर थर. या कातळात पाणी सगळीकडे मुरलेलं नसतं. ते भेगांत असतं, सच्छिद्र पट्ट्यांत असतं, दोन थरांच्या सांध्यात असतं. बोअरला केसिंग, म्हणजे कडेचा आधाराचा पाईप, वरच्या काही फुटांपुरतं, खाली उघडा खडक. पाणी लागतं 140 फुटांवर आणि मोटार सोडतात 280 वर, का, तर "खाली साठा राहील". पाण्याची पातळी उतरली की झऱ्याचं पाणी कडेने खाली येतं, थेट जाळीत शिरतं आणि वर जातं. मोटार त्याच्याही खाली, साचलेल्या पाण्यात. तिच्या अंगावरून थेंब वाहत नाही. वर पाईपला धार जोरात आहे, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

त्यात मोटार तळाच्या गाळात टेकलेली असली, तर बोलायलाच नको. क्षारांचं किटण चढलं तरी उष्णतेची वाट अडते.

आता लाईट. व्होल्टेज पडलं की मोटार तेच काम करायला जास्त अँपिअर घेते. करंट दीडपट झाला तर तारेतली उष्णता सव्वादोनपट होते. तापलेल्या तांब्याचा रोधही वाढतो, म्हणजे आगीत तेल. रात्री लाईट येते, लाईट येताच मोटार आपोआप चालू करणारे गावातले सगळे ऑटो स्विच एकदम स्टार्टर ओढतात आणि डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, मान टाकते. ज्या मोटारीच्या अंगावरून पाणी वाहतंय, ती यातूनही बऱ्याचदा निभावते. साचलेल्या पाण्यातली आधी जाते. म्हणूनच नुसत्या लाईटला शिव्या घालणं मला अपुरं वाटतं.

बोअर आटत आलं की आणखी एक फसवणूक होते. पंप हवा ओढायला लागतो, काम हलकं होतं, करंट उतरतो. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले जास्त करंट आला तरच तुटतो. इथे तो कमी झालाय, म्हणून रिले गप्प बसतो आणि खाली पाण्याची हालचाल थांबलेली. यासाठी उतरलेला करंट ओळखून बंद पाडणारा ड्राय रन प्रिव्हेंटर वेगळा लावावा लागतो.

(दृश्य : मोटारीवर पीव्हीसी पाईप चढवला जातोय.)

वरून येणाऱ्या पाण्यावर इलाज स्वस्त आहे. मोटारीवर एक पाईप चढवायचा, जाळीच्या वर तो घट्ट बंद करायचा आणि मोटारीच्या तळाखाली उघडा ठेवायचा. मग पाणी कुठूनही येवो, आधी खाली जाऊन मोटारीला घासूनच त्याला वर यावं लागतं. अडचण मापाची आहे. साडेसहा इंची बोअरमध्ये चार इंची मोटार असेल तर हा पाईप बसतो, सहा इंची असेल तर बसत नाही. तिथे दोनच वाटा : चार इंची मोटार घ्यायची, नाहीतर मोटार झऱ्याच्या वर टांगून खालचा साठा सोडायचा. पाणी तोकडं असेल, तर मी पहिली वाट धरेन.

दोन्हींसाठी एक आकडा हाताशी लागतो : पाणी कितव्या फुटाला लागलं. बोअर मारताना गाडीवाला तो ओरडून सांगतो. तो स्टार्टरच्या पेटीच्या आत रंगाने लिहून ठेवा, आणि मोटार सोडताना मिस्त्रीला दाखवा.