कर्ज डॉलरचं, फेड पिंपांची

श्रोतेहो, नमस्कार.

चीन आणि व्हेनेझुएला यांच्यातला कर्जव्यवहार २००७ पासून सुरू झाला. पैसे दिले चायना डेव्हलपमेंट बँकेनं. फेड मात्र तेलातून. व्हेनेझुएलाची सरकारी कंपनी पेदेवेसा चिनी सरकारी कंपनीला तेल विकायची आणि त्याची रक्कम राजधानी काराकासला न जाता कर्ज देणाऱ्या बँकेतल्याच खात्यात पडायची. बँक आधी हप्ता वळता करून घ्यायची, उरेल ते व्हेनेझुएलाचं. सावकाराला याहून भक्कम वसुली कुठली? २०१० च्या करारात तर निम्मी रक्कम चिनी चलनात, युआनमध्ये होती, म्हणजे ती बहुतेक चिनी माल आणि चिनी कंत्राटं यांवरच खर्चायची.

आता हिशेब पाहा. मोठ्या तेलवाहू जहाजात साधारण २० लाख पिंपं मावतात. पिंपाला १०० डॉलर भाव असला की एक जहाज २० कोटी डॉलरचं. २०१६ च्या जानेवारीत भाव ३० च्या खाली उतरला आणि तेच जहाज ६ कोटींचंही राहिलं नाही. हप्ता डॉलरमध्ये ठरलेला. जिथं एक जहाज पुरायचं, तिथं तीनही पुरेनात. शिवाय व्हेनेझुएलाच्या ओरिनोको पट्ट्यातलं जड तेल बाजारभावापेक्षा स्वस्तच जातं.

हे तेल डांबरासारखं घट्ट असतं. काही तर पाण्यात टाकलं तरी बुडतं. नळातून वाहावं म्हणून त्यात नाफ्था हा पातळ पेट्रोलियम द्रव किंवा हलकं तेल मिसळतात, आणि ते रोखीनं आणावं लागतं. कर्जापोटी गेलेल्या तेलातून रोकड हाती येत नाही. माझ्या मते खरी मेख इथं आहे. नाफ्था संपला की मिश्रण अडतं, टाक्या भरतात, विहिरी बंद ठेवाव्या लागतात. २०१५ मध्ये रोज २० लाखांहून अधिक पिंपं काढणारा देश २०२० च्या मध्याला ५ लाखांच्याही खाली आला. गैरकारभाराचा त्यात मोठा हात होताच.

चीननं मुद्दलाला सवलत दिली, फक्त व्याज घेतलं आणि नवी मोठी कर्जं थांबवली. रोख मोजणारी मोठी गिऱ्हाइकं उरली दोन: अमेरिका आणि भारत. आपल्याकडं जामनगरची रिलायन्सची रिफायनरी हे जड तेल घ्यायची. २०१९ च्या जानेवारीत अमेरिकेनं पेदेवेसावर निर्बंध घातले आणि अमेरिकी बाजार बंद झाला. ऑगस्टमध्ये चिनी सरकारी कंपनीनंही थेट माल उचलणं थांबवलं. त्यानंतरही तेल चीनला पोचत राहिलं, पण मध्यस्थांमार्फत, भावात मोठी सूट देऊन आणि बऱ्याचदा कागदोपत्री मलेशियाचं म्हणून.