लाल जहाज आणि अण्णांची अॅम्बेसेडर

मंडळी, नमस्कार. स्वयंपाकघरातून येसराच्या आमटीचा वास यायला लागलाय आणि माईक माझ्या हातात आहे. म्हणजे तुमचं लक्ष कुठं आहे ते मला कळतंय.

‘परदेशात येऊन प्रवासाचा धंदा उभा करणारे’ असा विषय मला दिलाय. अध्यक्षांना वाटलं मी माझंच सांगेन. माझं काय सांगायचं? तिकिटं काढून देतो, व्हिसाचे फॉर्म भरतो आणि डिसेंबरात तुम्हाला गावाकडं पोचवून येतो. त्यापेक्षा एका स्वीडिश माणसाबद्दल बोलतो. लार्स-एरिक लिंडब्लाड. स्वीडनहून अमेरिकेत आला आणि १९५८ मध्ये न्यूयॉर्कात स्वतःची प्रवास कंपनी काढली. लोक पॅरिस-रोम बघायला मागत होते, तेव्हा याच्या डोक्यात पेंग्विन होते.

१९६६ मध्ये अर्जेंटिनाच्या नौदलाचं जहाज भाड्यानं घेऊन त्यानं साधे प्रवासी अंटार्क्टिकाला नेले. तोवर तिकडं जाणारे म्हणजे बहुतेक शास्त्रज्ञ, नौदलवाले आणि देवमाशांचे शिकारी. पुढं १९६९ मध्ये त्यानं फिनलंडमध्ये खास त्यासाठी छोटं जहाज बांधून घेतलं. रंग लालभडक. किनाऱ्यावर उतरायचं ते रबरी होड्यांतून आणि बरोबर पीटर स्कॉट, रॉजर टोरी पीटरसन यांच्यासारखे पक्ष्यांचे मोठे जाणकार. दिवसा जे पाहिलं त्यावर जहाजात व्याख्यान. सुट्टीवर आलेल्या माणसाला पैसे घेऊन शाळेत बसवायचं! मला तर हा धंदा बुडेल असंच वाटलं असतं.

कंपनी पुढं बुडालीही, पण कारण वेगळं होतं. व्हिएतनाम-कंबोडियाला सहली नेल्या म्हणून अमेरिकी सरकारनं दंड ठोकला आणि दिवाळं निघालं. १९९४ मध्ये तो वारला. ते लाल जहाज तोवर दुसऱ्यांच्या हाती गेलं होतं. २००७ मध्ये अंटार्क्टिकाजवळच बर्फाला धडकून ते बुडालं. जहाजावरची सगळी, १५४ माणसं वाचली.

मग राहिलं काय? राहिली ती शिस्त. त्याच्यामागून तिकडं जाणाऱ्या सात कंपन्यांनी १९९१ मध्ये संघटना केली आणि आपले आपणच नियम घालून घेतले. एका ठिकाणी एका वेळी शंभरावर माणसं उतरवायची नाहीत. पाचशेच्या वर प्रवासी असलेल्या जहाजानं एकालाही उतरवायचं नाही. बूट धुऊनच पाय ठेवायचा. अर्थात दार उघडणाराही तोच. आज एका हंगामात लाखाच्या वर लोक तिकडं जातात. याला श्रेय म्हणायचं की दोष, मी अजून ठरवू शकलेलो नाही.

आता आमचे अण्णा. औरंगाबाद स्टेशनबाहेर, म्हणजे आत्ताच्या छत्रपती संभाजीनगरात, त्यांची अॅम्बेसेडर लागायची. बाकीचे ड्रायव्हर गोऱ्या पाहुण्यांना एका दिवसात वेरूळ-अजिंठा दोन्ही दाखवून मोकळे व्हायचे. वेरूळ तीस किलोमीटर, अजिंठा शंभर, पण पैसे दुप्पट. अण्णा एका दिवशी एकच करायचे. पाहुणा घाई करायला लागला की म्हणायचे, “साहेब, लेणी पळून चालल्यात का? तुम्ही कामून पळता?” इंग्रजी बेताचंच. पण वेरूळला गेले की आधी पाहुण्याला कैलासाच्या वरच्या डोंगरावर चढवायचे. हे देऊळ कळसाकडून पायाकडं कोरत आणलंय, ते खाली उभं राहून कळत नाही. वरून खाली वाकून बघितलं की माणूस गप्पच होतो. मग खाली आणायचे.

आणि त्यांचा मुलगा, म्हणजे मी! चार वर्षांपूर्वी आपल्याच मंडळाची ७४ माणसं दोन बसमध्ये भरून फर्दापूरला पोचलो. अजिंठा बंद. सोमवार होता. माझाच जिल्हा, माझाच धंदा. त्या रात्री अण्णा फोनवर एवढंच म्हणाले, “सोमवारी अजिंठा अन् मंगळवारी वेरूळ बंद, हे रिक्षावाल्याच्या पोराला बी माहीत हाय.” त्या सहलीतले काहीजण इथं बसलेत आणि आत्ता हसताहेत. हसा.

पण लेणी उघडी असती तरी मी काय केलं असतं? ७४ माणसं पद्मपाणीच्या चित्रासमोर ढकलली असती. अजिंठ्याची चित्रं मातीच्या कोरड्या गिलाव्यावर काढलेली आहेत. माणसाच्या श्वासाची वाफसुद्धा त्यांना बाधते. म्हणून आत उजेड मंद, म्हणून फ्लॅश बंद, म्हणूनच गाड्या चार किलोमीटर अलीकडं ठेवून तिथल्या बसनं जायचं. आपण या सगळ्याला कटकट म्हणतो. लिंडब्लाडच्या जहाजावर ही कटकट तिकिटातच धरलेली होती.

आणि दूरच्या माणसांशी व्यवहार मराठवाड्याला नवा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या एका प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, ही दोन पेठा म्हणून येतात. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांवर, तिथून तेर पूर्वेला दहा दिवसांवर. तिथला माल गाड्यांत भरून, वाट नसलेल्या मुलखातून बंदराला जायचा. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. इथं बसलेल्या धाराशिवकरांपैकी किती जणांनी ते पाहिलंय? हात वर करा. ...चार. बरं.

तर या डिसेंबरात पैठण, तेर, वेरूळ, अजिंठा, औंढा आणि नांदेड. दहा दिवस, माणसं सोळाच. रोज रात्री जेवणानंतर तासभर तिथलाच कुणीतरी जाणकार बोलेल आणि बसावं लागेल. नावं चहाच्या टेबलावर द्या, सोळा झाली की वही मिटणार. अजिंठा बुधवारी धरलाय. अण्णांना विचारून.