बोटावरचं यंत्र आणि कातडीचा रंग

नमस्कार श्रोतेहो. कोविडमध्ये ऑक्सिमीटरसाठी आपण पुण्यातली किती मेडिकलची दुकानं पालथी घातली, ते तुम्हाला सांगायला नको. आता तो थर्मामीटरशेजारी डब्यात पडून असतो. त्याचीच एक गोष्ट मला फार आवडते.

एमी मोरान-थॉमस या मानववंशशास्त्रज्ञ, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात शिकवतात. बेलीझ देशात मधुमेही माणसांच्या घरोघरी जाऊन त्यांनी अभ्यास केलाय. २०२० मध्ये त्यांच्या नवऱ्याला कोविड झाला आणि घरात ऑक्सिमीटर आला. बोट चिमट्यात घालायचं, लाल दिवा लागतो, आकडा येतो. तुम्ही-आम्ही आकडा वाचून हुश्श केलं असतं. बाईंना मात्र प्रश्न पडला: उजेड बोटातून आरपार जाऊन रक्तातला प्राणवायू मोजतो, मग कातडी काळी असेल तर? त्यांनी जुने शोधनिबंध उपसले. काळ्या कातडीवर हे यंत्र प्राणवायू असतो त्यापेक्षा जास्त दाखवतं, हे २००५ सालीच छापून आलं होतं! यंत्रं तशीच विकली जात होती. बाईंनी ऑगस्टमध्ये 'बोस्टन रिव्ह्यू' या नियतकालिकात सविस्तर लेख लिहिला. तो मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी वाचला आणि आपल्याच रुग्णांच्या नोंदी काढल्या. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्ततपासणीत प्राणवायू ८८ टक्क्यांच्या खाली, असं गोऱ्या रुग्णांत शंभरात चारांहून कमी वेळा झालं. काळ्या रुग्णांत? जवळपास बारा वेळा. पुन्हा सांगते, गोऱ्यांत चारांहून कमी, काळ्यांत जवळपास बारा.

आणि आपल्याकडे स्थळांच्या जाहिरातीत अजून 'गोरी' छापतात. मला त्याची चीड येते. वर्तमानपत्रांनी तो शब्द घेणंच बंद करावं.

असो. कोविडमध्ये आपल्याकडेही ९४ ही रेघ होती. ९४च्या वर असाल तर घरीच थांबा. जनता वसाहतीत असो की मार्केट यार्डात, उन्हात राबणाऱ्या सावळ्या माणसाच्या बोटावरचा ९५ खरा किती, हे त्या रेघेला कुठून कळणार? यंत्रं सगळ्या रंगांच्या माणसांवर तपासूनच बाजारात यावीत, ही मागणी आपणही लावून धरली पाहिजे.

तोवर मोजताना नेलपॉलिश काढा, हात गार असतील तर चोळून ऊब आणा. आणि घरातल्या कुणाला एक वाक्य पुरं बोलताना धाप लागत असेल, तर आकडा ९६ असला तरी डॉक्टरांकडे न्या. आकडा ९६ असला, तरीसुद्धा.