सेशेल्सचा बेत: आधी वारा बघा

श्रोतेहो, नमस्कार.

परीक्षा संपत आल्या की आपल्या गोव्यात घराघरांत एकच विषय निघतो, सुट्टीत जायचं कुठे? अलीकडे त्यात हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांचं नाव वरचेवर ऐकू येतं. थोडे दिवस शिडाच्या बोटीवर, थोडे रिसॉर्टमध्ये, असा बेत. बेत झकास आहे. पण बहुतेक मंडळी आधी रिसॉर्टचे फोटो बघतात, मग विमानाचं तिकीट काढतात आणि बोटीचा विचार अगदी शेवटी. मी म्हणेन, हा क्रम उलटा करा. आधी वारा, मग बोट, रिसॉर्ट सगळ्यात शेवटी.

दाराशी दर्या असताना तिकडे कशाला, असं कोणी विचारील. रास्त आहे. पण आपला किनारा सरळसोट आणि उघडा. शीड उभारून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जावं, अशी सोय इथे फारशी नाही. तिकडे माहे, प्रालँ, ला दीग ही बेटं एकमेकांना दिसतील अशी वसली आहेत. प्रालँहून ला दीगला फेरीबोट पाव तासात पोचते. बेटं ग्रॅनाइटची, त्यांच्या आडोशाला वाऱ्यापासून निवांत अशा खाड्या. शिडाच्या बोटीला आणखी काय हवं?

आता वाऱ्याचं. सेशेल्सची ही मुख्य बेटं विषुववृत्ताच्या दक्षिणेला चार-पाच अंशांवर आहेत, चक्रीवादळांच्या पट्ट्याबाहेर. मे ते ऑक्टोबर तिथे आग्नेयेकडून वारे वाहतात. तेच वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात, अरबी समुद्राची वाफ पोटात भरून घेतात आणि नैर्ऋत्य मोसमी पाऊस होऊन आपल्या कौलांवर कोसळतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीत मालीमच्या धक्क्यावर ट्रॉलर बांधून ठेवलेले असतात, तेव्हा आपल्याला घरात कोंडणारा वारा तोच. तिथे मात्र तो त्या मानाने कोरडा, पण जोरदार. डिसेंबर ते मार्च उलट. आपल्याकडचे ईशान्येचे वारे खाली उतरून तिथे वायव्येचे होतात. हवा दमट आणि डिसेंबर-जानेवारीत पाऊस भरपूर. म्हणजे नाताळच्या सुट्टीत आपण इथलं कोरडं ऊन सोडून तिथला पाऊस झेलायला जातो, आणि तेही चढ्या दराने!

या दोन वाऱ्यांच्या सांध्यावर, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, पाणी शांत आणि नितळ असतं. पोहायला, प्रवाळ बघायला तो काळ उत्तम. शिडाला मात्र वारा कमी, इंजिन जास्त चालतं. मे महिन्यात आग्नेयेचा वारा नुकता धरू लागलेला असतो. आपल्या शाळांची सुट्टीही तेव्हाच. मला विचाराल तर मे. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबर-नोव्हेंबरात आली तर तीही चालेल. जुलै-ऑगस्ट पहिल्यांदाच बोटीवर चढणाऱ्यांनी टाळावा. आणि चतुर्थीला तर घर सोडून कोणी जाणारच नाही म्हणा.

वाऱ्याची दिशा कळली की कुठला किनारा निवडायचा तेही आपोआप कळतं. प्रालँचा आन्स लाझियो वायव्येला तोंड करून आहे. आग्नेयेचा वारा सुटला तरी तिथे पाणी निवळशंख. ला दीगच्या ग्रांद आन्सचं तोंड बरोबर उलट, त्यामुळे त्याच दिवसांत तिथे लाटा आणि ओढ इतकी, की पाण्यात उतरणं धोक्याचं. रिसॉर्टच्या जाहिरातीत दोन्ही सारखेच निळे दिसतात.

बोट कुठली? कॅटामरान घ्या. दोन सांगाड्यांची असल्यामुळे ती कलत नाही, ताटातला भात ताटातच राहतो, आणि दोन-तीन कुटुंबं मिळून घेतली तर खर्चही वाटला जातो. स्किपर, म्हणजे बोट हाकणारा तांडेल, बोटवाल्यांचाच घ्यायचा, यात काटकसर नको. आपल्यातले काहीजण दोनापावलाला छोट्या शिडाच्या होड्या हाकायला शिकले आहेत, त्यांना वाटतं आपणच चालवू. हौस मी समजू शकतो. नौदलाच्या दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती 'म्हादई' ही शिडाची बोट आपल्याच दिवाडी बेटावर बांधलेली. पण अनोळखी पाण्यात, प्रवाळांच्या मधून रात्रीपुरती जागा शोधणं हे वेगळंच काम.

ते काम बघण्यासारखं असतं. स्किपर पुढे कोणाला तरी उभं करतो आणि पाण्याचा रंग वाचायला सांगतो. फिकट हिरवं दिसेल तिथे वाळू, तपकिरी डाग दिसला की प्रवाळ. वाळूवर नांगर सोडतो, साखळी खडखडत खाली जाते, खोलीच्या चार-पाच पट तरी. मग इंजिन हळूच मागे घेतो, नांगर रुतला की नाही ते बघायला. तेवढ्यावर समाधान नाही, डोळ्यांना मास्क लावून पाण्यात उतरून नांगर डोळ्यांनी पाहून येतो. हे सगळं उन्हात व्हावं लागतं, कारण रंग उन्हातच दिसतो. म्हणूनच मुक्काम दुपारी लवकर करायचा. संध्याकाळी आणखी एक बेट बघू, असा हट्ट स्किपरकडे धरू नका.

बोटीवर गोडं पाणी मोजकं. सुटकेस ठेवायला जागा नाही, मऊ पिशव्या न्या. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी घ्यावी, उमासे सुरू झाल्यावर नाही.

तिथे पोचल्यावरही बोट आधी, रिसॉर्ट नंतर. घड्याळात फरक फक्त दीड तासाचा, तेव्हा पोचल्यावर आराम करण्याचं कारण नाही. उलट बोटीवरचे मीठ अंगावर घेतलेले दिवस संपले की भरपूर पाण्याची अंघोळ आणि न हलणारी खाट यांची किंमत कळते. शिवाय वाऱ्याने एखादा दिवस खाल्ला तर तो मध्येच भरून निघतो, परतीचं विमान चुकत नाही. रिसॉर्ट प्रालँवर घ्या. पायाखालची वाट वाले द मेच्या जंगलात जाते, जगातलं सगळ्यात मोठं बी धरणारी ती जोडनारळाची झाडं तिथलीच. १९८३ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. त्या करवंटीचे कमंडलू आपल्याकडच्या बैराग्यांच्या हातात दिसतात. समुद्राने वाहत आणलेलं ते फळ नेमकं कुठून येतं, हे लोकांना कित्येक शतकं ठाऊक नव्हतं.

जेवणाची काळजी नको. मासे, नारळाच्या रसातली कालवणं, नीरफणसाचे काप, सगळं आपल्या ओळखीचं. किनारे सगळे सार्वजनिक, रिसॉर्टच्या पुढ्यातले सुद्धा. पक्ष्यांसाठी राखून ठेवलेल्या कूझाँ बेटावर मात्र तुमच्या होडीला काठाशी येऊ देत नाहीत. तिथले रक्षक त्यांच्या होडीतून नेतात, कारण एखादा उंदीर उतरला तर पक्ष्यांची अंडी संपली.

निघण्याआधी ऑनलाइन प्रवासपरवानगी काढावी लागते, परतीचं तिकीट आणि मुक्कामाचे कागद जोडून. बोटवाल्याला लेखी विचारून घ्या, इंधन, स्किपरचं जेवण, सागरी उद्यानांचं शुल्क दरात धरलंय का? अनामत किती, आणि परत कधी मिळणार? आणि जोडनारळ विकत घेतलात, तर त्यासोबतचा परवान्याचा कागद जपून हातातल्या बॅगेत ठेवा. तो नसेल तर नारळ विमानतळावरच राहतो.

नमस्कार.