चौकोन पडू द्या! पहिली ते चौथीच्या मुलांसाठी काडेपेटीतलं इंजिनिअरिंग

नमस्कार! "ताई, मुलगी दुसरीत आहे, रोबोटिक्सचं कुठलं किट घेऊ?" इतक्या जणांनी विचारलंय की आज तेवढ्यावरच बोलते. किट राहू द्या. एक काडेपेटी आणा आणि सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्ह ट्यूब, ती बारीक काळी रबरी नळी.

काड्या नळीने जोडून आकार करायची ही कल्पना अरविंद गुप्तांची. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेला हा इंजिनिअर १९७०च्या दशकात मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला आणि तिथे काडी-नळीचं हे मेकॅनो, म्हणजे सुटे भाग जोडून आकार करायचं खेळणं, तयार झालं. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं मुलांसाठी अशी खेळणी केली.

काड्यांचं गूल मोठ्यांनी खरवडून काढायचं. नळीचे दीड-दीड सेंटिमीटरचे तुकडे करायचे. तुकड्याच्या दोन्ही टोकांतून एकेक काडी सरकवली की सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण, चारांचा चौकोन. हे सगळ्यांना जमतं, पुढे जाऊ.

आता नीट ऐका. त्रिकोण दाबला तर हलत नाही. चौकोन दाबला की कलंडतो, शंकरपाळा होतो. मूल म्हणतं, "माझं बिघडलं." आणि नेमका तेव्हाच मोठ्यांचा हात पुढे येतो. तो हात मागे घ्या! बिघडलेलं काहीच नाही. सांधा फिरतो, त्यामुळे चार काड्यांना आकार धरून ठेवता येत नाही. धडा सुरू होतो तो इथे.

कमेंटमध्ये एका बाबांनी लिहिलंय, "आम्ही ग्लू गनने चिकटवलं, छान उभं राहिलं." दादा, मग मुलाला प्रश्नच पडला नाही ना! सांधा घट्ट झाला की चौकोन उभा राहतो आणि शोधायला काही उरत नाही. शाळेच्या प्रदर्शनात आईबाबांनी रात्री जागून केलेले चकचकीत प्रकल्प दिसतात, तेव्हा मला याचाच फार राग येतो.

माझ्या वर्गात तिसरीतल्या एका मुलीने चौकोनात तिरकी काडी घालायचं ठरवलं. काडी पुरेना. बरोबरच आहे, चौरसाचा कर्ण बाजूपेक्षा लांब असतो, सुमारे १.४ पट. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती उठली, खराट्याची काडी मोडून आणली, मापाने तोडली आणि बसवली. चौकोन ताठ! शेजारच्या मुलाने मात्र आखूड काडीच बसवली. त्याचा शंकरपाळाच राहिला, पण तोही हलेना, कारण त्याचे दोन त्रिकोण झाले होते. दोघांचंही बरोबर. मी मध्ये बोलले असते तर दोन्ही उत्तरं हुकली असती.

मग त्यांना बाहेर न्या. शेतातून जाणारा विजेचा टॉवर, पत्र्याच्या शेडची कैची (छपराखालचा सांगाडा), जुन्या दाराच्या मागची तिरकी पट्टी दाखवा. "ही तिरकी कशाला?" एवढंच विचारा आणि थांबा.

"अटल टिंकरिंग लॅब आहे की!" असंही काहीजण म्हणतात. शाळांमधली ही सरकारी योजनेची प्रयोगशाळा सहावीपासून पुढच्या मुलांसाठी. चौथीपर्यंतच्या मुलांनी तोवर काय करायचं?

या आठवड्यासाठी काम: बारा काड्यांचा घन. कोपऱ्यात तिसरी काडी बसवायला नळीच्या मधोमध जाड सुईने भोक पाडा, ते मोठ्यांनी. घन कोसळेल. तो ताठ करायला कमीत कमी किती तिरक्या काड्या लागतात, हे मुलांकडूनच येऊ द्या. कोसळलेल्या घनाचा फोटोसुद्धा पाठवा, मला तोही बघायचाय.